मत्स्यकन्येचे खोटे प्रमाणपत्र

ऑक्टोबर २०१७ मध्ये बंगळुरूच्या कामराज रस्त्यावर एक मत्स्यकन्या अवतरली. पावसाने भरलेल्या एका मोठ्या खड्ड्याला चित्रकार बादल नंजुंडस्वामी यांनी तळ्याचे रूप दिले होते आणि कन्नड अभिनेत्री सोनू गौडा माशाच्या शेपटीचा वेश करून त्या तळ्याकाठी बसल्या होत्या. येणारेजाणारे थबकले, छायाचित्रे निघाली आणि पाहता पाहता ती देशभरच्या वृत्तपत्रांत झळकली. त्याच महिन्यात शहरातील खड्ड्यांनी दुचाकीस्वारांचे बळी घेतले होते. त्या मत्स्यकन्येकडे पाहून ती खरी आहे असा समज करून घेणारा कोणी नव्हता, आणि तिच्या पुढ्यातला खड्डा खोटा आहे असे म्हणण्याची सोयही कोणाला उरली नव्हती.

त्याच्या पाच वर्षे आधी, मे २०१२ मध्ये, अमेरिकेतील 'ॲनिमल प्लॅनेट' या वाहिनीने एक वेगळीच मत्स्यकन्या दाखवली होती. 'मर्मेड्स : द बॉडी फाउंड' हा कार्यक्रम अथपासून इतिपर्यंत माहितीपटाच्या घाटाचा होता. त्यात शास्त्रज्ञ म्हणून बोलणारी माणसे नट होती. किनाऱ्यावर सापडलेला देह, दडपलेले पुरावे, सरकारी यंत्रणांचे संशयास्पद मौन हे सारे संहितेत लिहिलेले होते. मानवाच्या उत्क्रांतीत पाण्यातील वास्तव्याचा वाटा असावा, हे ब्रिटिश सागरी जीवशास्त्रज्ञ ॲलिस्टर हार्डी यांनी १९६० मध्ये मांडलेले आणि बहुतेक मानवशास्त्रज्ञांनी न स्वीकारलेले अनुमान या इमारतीच्या पायात घातले होते. कार्यक्रम काल्पनिक असल्याची सूचना शेवटच्या श्रेयनामावलीत ओझरती येऊन गेली. लोकांच्या चौकशा येऊ लागल्यावर अमेरिकेच्या 'नोआ' या महासागर व वातावरणविषयक सरकारी संस्थेला, जलवासी मानवसदृश प्राण्यांचा कोणताही पुरावा आजवर सापडलेला नाही, असे जाहीर करावे लागले. पुढच्या वर्षी वाहिनीने त्याचा उत्तरार्ध काढला. त्याला सुमारे ३६ लाख प्रेक्षक लाभले आणि वाहिनीचा तोवरचा विक्रम मोडला.

दोन्ही मत्स्यकन्या काल्पनिकच. पहिलीने आपण कल्पना आहोत हे उघड सांगितले आणि पाहणाऱ्याची नजर एका खऱ्या गोष्टीकडे वळवली. दुसरीने आपण शोध आहोत असे सोंग घेतले आणि खऱ्या समुद्रावरून नजर उठवली. विज्ञानाच्या वाचकाने भांडायचे असेल तर ते या दुसरीशी भांडावे. त्यातही मत्स्यकन्येशी भांडण्याचे कारण नाही; भांडण आहे ते तिच्या गळ्यात अडकवलेल्या खोट्या प्रमाणपत्राशी.

यावर ठरलेले उत्तर मिळते : करमणूकच ती, त्यात एवढे काय बिघडले? बिघडले ते असे. त्या कार्यक्रमाने मत्स्यकन्या उसनी घेतली असती तर कोणाचे काही गेले नसते. ती साऱ्या जगाच्या मालकीची आहे. त्याने उसना घेतला तो शास्त्रीय साक्षीचा घाट : प्रयोगशाळेची पार्श्वभूमी, नावाखाली पदवी, तोलून मापून बोलणे, 'आमच्या हाती आलेल्या नमुन्यांनुसार' अशी भाषा. ही भाषा कमवायला विज्ञानाला काही शतके लागली आहेत. खोटी नोट छापणारा केवळ एका दुकानदाराला फसवत नाही, तो बाजारातल्या प्रत्येक खऱ्या नोटेवर संशय आणतो. दुसऱ्या दिवशी त्याच पडद्यावर, तशाच सुरात, एखादी खरी सागरशास्त्रज्ञ प्रवाळांच्या मृत्यूविषयी बोलू लागली, तर प्रेक्षकाने तिला कशावरून वेगळे ओळखायचे?

हा रोग केवळ अमेरिकेतला म्हणून सोडून देता येत नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर काही दिवसांतच भारतीयांच्या ईमेल पेट्यांत काही छायाचित्रे फिरू लागली. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर लाटेबरोबर मत्स्यकन्येचा मृतदेह वाहून आला असून तो एग्मोरच्या संग्रहालयात कडक बंदोबस्तात ठेवला आहे, असा मजकूर सोबत होता. वस्तुतः ती फ्लोरिडातील शिल्पकार हुआन काबाना यांची कलाकृती होती. अशा चमत्कारिक आकृती घडवून विकणे हाच त्यांचा व्यवसाय होता. कलावंताचे नाव गळून पडले, गावाचे नाव चिकटले, संग्रहालयाचे नाव जोडले गेले आणि शिल्पाची बातमी झाली. ती छायाचित्रे त्यानंतरही अनेक वर्षे नव्या नव्या किनाऱ्यांची नावे घेऊन फिरत राहिली.

त्या वेळी सांगण्यासारखे दुसरे काहीच नव्हते काय? तमिळनाडूच्या किनाऱ्यावर त्या सकाळी हजारो माणसे मेली होती. एकट्या नागपट्टिनम जिल्ह्याचे दुःख मोजता येण्याजोगे नव्हते. सुमात्राजवळ भूकंप झाला तो भारतीय वेळेनुसार सकाळी साडेसहाच्या सुमारास, आणि लाटा तमिळनाडूला पोहोचायला त्यानंतर दोन तासांहून अधिक वेळ लागला. अकरावी-बारावीचा विद्यार्थी हे गणित स्वतः करून पाहू शकतो. त्सुनामीची तरंगलांबी समुद्राच्या खोलीच्या मानाने फार मोठी असते, म्हणून तिचा वेग गुरुत्वीय त्वरण आणि खोली यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाइतका येतो. खोली ४००० मीटर धरली तर वेग सेकंदाला सुमारे २०० मीटर, म्हणजे ताशी सुमारे ७०० किलोमीटर. जेट विमानाच्या जवळपास पोहोचणारा हा वेग भयंकर खरा. पण भूकंपाच्या लहरी त्याहून कितीतरी वेगाने धावतात. संदेश लाटेच्या आधी पोहोचणे शक्य होते. तो पोहोचवणारी यंत्रणा हिंदी महासागरात नव्हती, हे त्या दिवसाचे खरे वृत्त होते. हैदराबादच्या 'इन्कॉइस' संस्थेत त्सुनामी पूर्वसूचना केंद्र सुरू झाले ते ऑक्टोबर २००७ मध्ये. ते का नव्हते, कसे उभे राहिले, समुद्रतळावरचे दाबमापक लाटेची चाहूल कशी घेतात, हे किती जणांना ठाऊक आहे? मरीनाची मत्स्यकन्या मात्र पुष्कळांना आठवते.

खोट्या बातमीचा खरा अपराध येथे दिसतो. ती जगातील असत्यात आणखी एका असत्याची भर घालते एवढ्यावर तो संपत नाही. ती सत्याची जागा अडवून बसते, आणि बहुधा अधिक रोचक सत्याची. ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्रयान-३ उतरल्यानंतर प्रज्ञान रोव्हरच्या चाकांनी चंद्राच्या मातीवर राजमुद्रेचा सुबक ठसा उमटवला, असे एक चित्र घरोघरी पोहोचले. तेही एका कलाकाराने केलेले कल्पनाचित्र होते. रोव्हरच्या चाकांवर राजमुद्रा आणि इस्रोचे चिन्ह कोरलेले होते हे खरे. पण प्रत्यक्षातले ठसे स्पष्ट उमटले नव्हते. ते का उमटले नाहीत, यातच विज्ञान होते. तेथील माती भुसभुशीत धुळीसारखी नसून गुठळ्यांची आहे, तिचे कण कशाने तरी बांधलेले आहेत, असे इस्रोच्या तत्कालीन अध्यक्षांनी सांगितले. म्हणजे अस्पष्ट ठसा हाच शोध होता. सुबक ठशाचे चित्र पाहून ज्यांचा ऊर भरून आला, त्यांच्यापर्यंत तो शोध पोहोचलाच नाही.

खोटे प्रमाणपत्र ही समाजमाध्यमांची उपज आहे असेही कोणी मानू नये. त्याचा एक जुना धागा गोव्यापर्यंत जातो. जेझुइटांच्या इतिहासात नोंदलेली आणि एकोणिसाव्या शतकात जेम्स इमर्सन टेनंट यांनी श्रीलंकेवरील आपल्या लेखनात उद्धृत केलेली हकिकत अशी : १५६० मध्ये मनारजवळ कोळ्यांच्या जाळ्यात नर आणि मादी मिळून सात मत्स्यमानव सापडले. गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयचे वैद्य दिमास बोस्के यांनी त्यांचे विच्छेदन केले आणि त्यांची आंतररचना माणसासारखीच असल्याचा निर्वाळा दिला. बोस्के हे कोणी भोंदू नव्हते. गार्सिया द ऑर्ता यांचा भारतीय औषधींवरील विख्यात ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला, त्याला याच बोस्के यांचे प्रास्ताविक आहे. त्या काळच्या वैद्यकातला तो जाणता माणूस होता.

मग त्याने पाहिले काय असेल? मनारचे आखात हे डुगाँगचे घर आहे. टेनंट यांनीही या कथेमागे तोच प्राणी पाहिला. डुगाँग सस्तन आहे. त्याला फुप्फुसे आहेत, चार कप्प्यांचे हृदय आहे, मादीचे स्तन काखेजवळ असतात. माशाचे पोट फाडावे आणि आत सस्तनाची इंद्रिये निघावीत, हे पाहून सोळाव्या शतकातील वैद्य चकित झाला असेल तर नवल नाही. जी नोंद उरली ती खरी धरली, तर त्याचे निरीक्षण बहुधा बरोबर होते आणि निष्कर्ष चुकीचा. 'याची आंतररचना माणसासारखी आहे' या वाक्यापासून 'हा मत्स्यमानव आहे' या वाक्यापर्यंतची उडी पुराव्याने मारलेली नव्हती. आधीच ऐकलेल्या कथेने ती मारवून घेतली. राजवैद्याचे नाव जोडले गेल्यावर त्या उडीला तीन शतके आव्हान देणे कठीण झाले. सत्ताधाऱ्याच्या पदरी असलेल्या विद्वानाची सही म्हणजे पुरावा नव्हे, एवढा धडा विज्ञानाच्या विद्यार्थ्याने गोव्याच्या या वैद्याकडून घ्यावा.

येथवर वाचून काही विवेकवादी वाचक समाधानाने मान डोलावतील. त्यांच्याशीही थोडे भांडणे आवश्यक आहे. 'मत्स्यकन्या म्हणजे काय, तर दर्यावर्दींनी समुद्रगाईला बाई समजण्याची केलेली चूक,' हे स्पष्टीकरण सर्रास फेकले जाते. कोलंबसाच्या ९ जानेवारी १४९३ च्या नोंदीचा दाखला दिला जातो. त्यात कॅरिबियन समुद्रात तीन मत्स्यकन्या दिसल्याचे आणि त्या चित्रातल्याइतक्या सुंदर नसल्याचे म्हटले आहे. ते मानाटी असावेत, हे पटण्याजोगे आहे. परंतु डेन्मार्क आणि आयर्लंडच्या थंड समुद्रांत समुद्रगाई नाहीत. मत्स्यकन्येच्या कथा मात्र भरपूर आहेत. ग्रीकांच्या 'सायरन' तर आरंभी पक्षिदेहाच्या होत्या, त्यांना माशाची शेपटी युरोपच्या मध्ययुगात फुटली. महाभारतातली अद्रिका शापाने मासोळी होते, तिची मुलगी सत्यवती अंगाच्या वासावरून मत्स्यगंधा म्हणवली जाते; या कथेला कोणत्याही खलाशाच्या दृष्टिभ्रमाची गरज पडत नाही. माणसे पाण्याला भितात, पाण्यावर जगतात, पाण्यात आपली माणसे गमावतात. त्यातून कथा होतात. प्रत्येक कथेमागे एक चुकलेले निरीक्षण शोधणारा अभ्यासक स्वतःच एक न तपासलेली कथा सांगत असतो.

दुसरा प्रकार रागावणाऱ्यांचा. मुलांना पऱ्यांच्या, मत्स्यकन्यांच्या गोष्टी सांगूनच अंधश्रद्धा रुजते, असे त्यांचे म्हणणे. अँडरसनची जलपरी १८३७ पासून मुलांना भेटत आहे आणि ती वाचून समुद्रात मत्स्यकन्या शोधत निघालेला प्रौढ क्वचितच आढळेल. मूल गोष्टीला गोष्ट म्हणून ओळखते, कारण सांगणारी आजी ती गोष्ट म्हणूनच सांगते. फसगत होते ती गोष्टीवरची पाटी काढून टाकल्यावर.

उलट, पाटी जागेवर असेल तर मत्स्यकन्येइतकी चांगली शिक्षिका मिळणे अवघड. तिच्यावर पदार्थविज्ञानाचे प्रश्न टाकून पाहावेत. मासा शेपटी डावी-उजवीकडे हलवतो, म्हणून त्याच्या शेपटीचा पर उभा असतो. सस्तनांचा कणा वर-खाली वाकतो, म्हणून देवमासा, डॉल्फिन आणि डुगाँग यांची शेपटी आडवी असते. चित्रपटातली मत्स्यकन्या अंगावर माशाचे खवले मिरवते आणि पोहते मात्र डॉल्फिनसारखी. तिची शेपटी कोणत्या वंशाची, हे तिने अद्याप ठरवलेले नाही. माणसाच्या डोळ्याची प्रकाश वळवण्याची सुमारे दोन-तृतीयांश शक्ती बुबुळापुढच्या पारदर्शक पटलातून येते आणि ती हवा व पटल यांच्या अपवर्तनांकांतील फरकावर अवलंबून असते. पाण्यात तो फरक जवळजवळ नाहीसा होतो. तेव्हा मानवी डोळ्यांच्या मत्स्यकन्येला बुडत्या राजपुत्राचा चेहरा धूसर दिसला असता. पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट अधिक उष्णता वाहून नेते. तिचे नाजूक हात आणि सडपातळ कंबर थंड समुद्रात काही तासांत गारठली असती. समुद्रातील सस्तन गोलमटोल असतात यामागे आळस नाही. आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग कमी ठेवण्याचे ते गणित आहे. हे सारे प्रश्न आनंदाने विचारता येतात आणि त्यांची उत्तरे मिळाल्यावरही कथेचा एक शब्द खोटा पडत नाही. कथेने पदार्थविज्ञानाची परीक्षा देण्याचे कधी कबूलच केलेले नव्हते.

आता त्या प्राण्याकडे यावे, ज्याची जागा या साऱ्या गोंगाटात अडवली गेली आहे. विज्ञानाने डुगाँग आणि मानाटी यांच्या गणाला 'सायरेनिया' हे नाव दिले ते त्या ग्रीक सायरनांवरूनच. हे उसने घेणे उघड आहे, त्यात लपवाछपवी नाही. डुगाँग सुमारे तीन मीटर लांब, काहीशे किलो वजनाचा, पूर्ण शाकाहारी सागरी सस्तन; त्याचे जवळचे नातलग हत्ती. उथळ पाण्यातील समुद्रगवत हे त्याचे मुख्य अन्न. दिवसाला तीस-चाळीस किलो गवत तो फस्त करतो आणि चरत गेल्यावर गवतात त्याच्या तोंडाच्या रुंदीची नागमोडी वाट उमटते. संशोधक अनेकदा प्रत्यक्ष प्राण्याऐवजी या वाटाच मोजतात. दिसला नाही तरी तो येथे होता, हे सांगणारा हा पुरावा कोणीही पुन्हा जाऊन तपासावा असा आहे. डुगाँग गातही नाही. तो बारीक किलबिलाटासारखे आवाज काढतो. सायरन मुळात पक्षी होत्या हे आठवले, तर या योगायोगाचे हसू येते.

हा प्राणी सत्तर वर्षांपर्यंत जगू शकतो. पण मादीला एका वेळी एकच पिल्लू होते आणि दोन पिल्लांमध्ये तीन ते सात वर्षे जातात. अशा प्राण्याची संख्या घटवायला मोठ्या शिकारीची गरज नसते; मासेमारीच्या जाळ्यात अडकून, श्वासासाठी वर येता न आल्याने वर्षाकाठी थोडे मेले तरी पुरते. भारतात तो आज मनारचे आखात व पाल्कची सामुद्रधुनी, कच्छचे आखात आणि अंदमान-निकोबार येथे उरला आहे. देशभरात मिळून दोनशे-अडीचशे, हा अनेक वर्षे सांगितला जाणारा अंदाज आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत, त्याचे नाव आहे. अंदमान-निकोबारचा तो राज्यप्राणी आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये तमिळनाडू सरकारने पाल्कच्या उपसागरात तंजावर आणि पुदुकोट्टै जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगत सुमारे ४४८ चौरस किलोमीटरचे देशातील पहिले डुगाँग संवर्धन क्षेत्र घोषित केले. ज्या समुद्राने बोस्के यांना 'मत्स्यमानव' दिले, त्याच्याच शेजारचे हे पाणी.

उपेक्षेचा शेवट कोठे होतो याची उदाहरणे समोर आहेत. बेरिंगच्या मोहिमेतील निसर्गअभ्यासक गेओर्ग स्टेलर यांनी १७४१ मध्ये उत्तर प्रशांत महासागरात आठ-नऊ मीटर लांबीच्या एका प्रचंड समुद्रगाईचे वर्णन केले. १७६८ पर्यंत ती पृथ्वीवरून संपली होती. शास्त्रज्ञाची ओळख झाल्यापासून अवघ्या २७ वर्षांत. ऑगस्ट २०२२ मध्ये चीनच्या किनाऱ्यावरील ७८८ मच्छीमारांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. मागील पाच वर्षांत डुगाँग पाहिल्याचे त्यांतील केवळ तिघांनी सांगितले. तेथील डुगाँग व्यवहारतः नामशेष झाल्याचा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. संवर्धन क्षेत्राची घोषणा त्यानंतरच्या महिन्यातली. या दोन बातम्या शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात अशा होत्या. भारतीय वृत्तपत्रांत त्या कोणत्या पानावर, किती ओळींत आल्या, हे जुने अंक काढून प्रत्येकाने स्वतः पाहावे, आणि शेजारी 'मत्स्यकन्या सापडली' या मजकुराला मिळालेली जागाही मोजावी.

बंगळुरूला या प्रश्नावर बोलण्याचा विशेष अधिकार आहे. भारतीय विज्ञान संस्था आणि इस्रोचे मुख्यालय येथे आहे, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण एका माणसाचे आहे. हो. नरसिंहय्या हे पदार्थवैज्ञानिक, गांधीवादी, बसवनगुडीच्या नॅशनल कॉलेजचे प्राचार्य. बंगळुरू विद्यापीठाचे कुलगुरू असताना १९७६ मध्ये त्यांनी चमत्कार आणि तपासता येण्याजोग्या अंधश्रद्धा यांची चौकशी करणारी समिती नेमली. घटनेच्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले, ते वर्षही तेच. समितीच्या नावातील 'तपासता येण्याजोग्या' हा शब्द मोलाचा आहे. जो दावा तपासता येतो, तो करणाऱ्याने तपासणीला तयार असावे, एवढेच मागणे होते. याच नरसिंहय्यांनी १९६२ मध्ये बंगळुरू सायन्स फोरम सुरू केला आणि याच नरसिंहय्यांनी शहरात ललित कला परिषदही उभी केली. एका हाताने चमत्कारांना पुरावा मागायचा आणि दुसऱ्या हाताने कलेला आसन द्यायचे, यात त्यांना विसंगती वाटली नाही. कारण ती नाहीच. कलावंत चमत्कार दाखवतो तेव्हा तो पुराव्याचा दावा करत नाही.

आज हा भेद पूर्वीपेक्षा निकडीचा झाला आहे. मरीनाच्या मत्स्यकन्येसाठी कोणाला तरी हातांनी शिल्प घडवावे लागले होते, तिचे छायाचित्र काढावे लागले होते. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना एक वाक्य सांगितले की हवी तशी मत्स्यकन्या, हव्या त्या किनाऱ्यावर, हव्या त्या कोळ्याच्या जाळ्यात हलू लागते. ती साधने घडवणाऱ्या अभियंत्यांपैकी पुष्कळजण याच शहरात राहतात. डोळ्यांनी पाहिले म्हणजे खरे, हा नियम मोडीत निघाला आहे. उरतो तो जुनाच नियम : कोणी पाहिले, कशाने मोजले, नमुना कोठे आहे आणि दुसऱ्या कोणाला तो तपासता येईल काय?

वृत्तपत्रांकडून आणि वाहिन्यांकडून मागणी मोठी नाही. कल्पनाचित्राला मथळ्यातच कल्पनाचित्र म्हणावे. शेवटच्या ओळीतला खुलासा हा खुलासा नसतो. कलावंताचे नाव चित्रापासून तोडू नये. मरीनाच्या आणि चंद्राच्या दोन्ही प्रकरणांत ते तुटले तेथेच असत्याचा जन्म झाला. 'असा दावा केला जात आहे' या कर्त्याविना वाक्याला विज्ञानाच्या पानावर मज्जाव असावा. दावा कोणी केला हे सांगता येत नसेल तर ती बातमी नाही. विद्यार्थ्यांकडून मागणी याहून थोडी मोठी आहे. खोटी मत्स्यकन्या हाती आल्यावर 'हे खोटे आहे' असे लिहून थांबू नये, कारण त्याने रिकामी झालेली जागा पुढचे असत्य भरून काढते. त्याच उत्तरात डुगाँगचे चित्र घालावे, पाल्कच्या उपसागराचे नाव घालावे, समुद्रगवतातील नागमोडी वाटेविषयी दोन ओळी लिहाव्यात. असत्य हटवल्यावर त्या जागी सत्य बसवले, तरच काम पुरे होते.

कामराज रस्त्यावर मत्स्यकन्या बसवणाऱ्या नंजुंडस्वामींनी सप्टेंबर २०१९ च्या आरंभी, चंद्रयान-२ च्या विक्रम यानाच्या चंद्रावर उतरण्याच्या प्रयत्नाच्या काही दिवस आधी, आणखी एक दृश्य रचले. अंधारात, खाचखळग्यांच्या धूसर भूमीवर, एक अंतराळवीर जपून पावले टाकत चालला आहे. पाहणारा क्षणभर चंद्रावर असतो. मग कडेने एक ऑटोरिक्षा खडखडत निघून जाते आणि ही चंद्रभूमी बंगळुरूच्या हेरोहळ्ळी भागातील रस्ता आहे हे उमगते. महानगरपालिकेने लगोलग त्या रस्त्याची दुरुस्ती हाती घेतल्याचे वृत्त आले.

त्या चित्रफितीतील सर्वांत प्रामाणिक पात्र ती ऑटोरिक्षा आहे. कलावंताला ती चौकटीबाहेर ठेवता आली असती. त्याने ती जाऊ दिली. विज्ञानाच्या नावाने मत्स्यकन्या दाखवणाऱ्यांनी आपल्या चौकटीतून नेमकी ती ऑटोरिक्षा काढून टाकलेली असते. वाचकाने ती शोधावी. सापडली नाही, तर पुढे पाठवण्याआधी थांबावे. आणि त्या थांबलेल्या मिनिटात पाल्कच्या उथळ पाण्यात श्वास घ्यायला वर येणाऱ्या एका अवजड, लाजाळू, गवत खाणाऱ्या प्राण्याविषयी काही वाचावे. त्याला कोणाच्याही प्रमाणपत्राची गरज नाही; तो तेथे आहे, अजून तरी.